मापाचा ब्लाऊज

कमळाची एक रीत होती. गिऱ्हाइकाचं माप ती अंगावरून घ्यायची नाही. बाईने आपला नीट बसणारा जुना ब्लाऊज आणायचा, त्याला चिठ्ठी टाचायची, चिठ्ठीवर नाव, तारीख, हूक पुढे की मागे एवढं लिहायचं आणि जायचं. मांडवीतल्या बायका त्याला मापाचा ब्लाऊज म्हणत.

"अंगाला टेप लावला की बाई श्वास रोखते," कमळा सांगायची. "पोट आत, छाती बाहेर. मग घरी जाऊन म्हणते, कमळाने घट्ट शिवला. ब्लाऊज काय श्वास रोखत नाही. त्याला जे ठाऊक असतं ते तो सांगतो."

टेप ती लावायची फक्त घरच्या माणसाला, आणि घरचं माणूस तिला एकच होतं. भावाची मुलगी, मृणाली.

भाऊ धाकू जहाजावर खलाशी होता. बायको बाळंतपणात गेली तेव्हा त्याने सहा दिवसांची पोर बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा जहाजावर गेला. मृणाली सात वर्षांची असताना तोही गेला, तापाने, कुठल्याशा परक्या बंदरातल्या इस्पितळात. त्याच्या शेवटच्या सुट्टीतली एकच वस्तू कमळाने जपून ठेवली होती: मोतिया रंगाचं तीन वार रेशीम. "पोरीच्या लग्नाला हिच्या अंगावर हे घाल," असं तो म्हणाला होता. वीस वर्षं ते रेशीम ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळून, कडुलिंबाच्या पाल्यात होतं. दर वर्षी दसऱ्याला कमळा ते बाहेर काढायची, घडी बदलायची आणि परत ठेवायची. ते कापड आपल्या हाताने कापायचं, त्याचा मृणालीच्या लग्नाचा ब्लाऊज शिवायचा, एवढीच तिची इच्छा उरली होती. आणि तो बसला पाहिजे होता असा, की धाकूने वरून पाहिलं तरी एक सुरकुती दिसू नये.

मृणाली लहान असताना माप घ्यायची वेळ आली की कमळा म्हणायची, "कर पाखरू." मग पोर दारातल्या उजेडात उभी राहून दोन्ही हात पसरायची, पंखांसारखे. बगलेत टेप लागला की गुदगुल्या होऊन हसायची. "हलू नको गो, पाखरू उडालं तर फ्रॉक कोणाला घालू?" हे असं दर दिवाळीला.

मग पोर तेरा-चौदाची झाली. बरोबरीच्या मुली भरल्या. मृणाली उंच झाली, पण समोरून होती तशीच राहिली. दुकानात चार बायका बसलेल्या असायच्या, मशीन चालू असायचं, आणि कमळाच्या जिभेला काही हाड नव्हतं.

"आमच्या मृणालीला देवाने दोन्हीकडून पाठच दिलीय," ती म्हणायची. "ब्लाऊज उलटा घातला तरी कळायचं नाही."

बायका इतक्या हसायच्या की कमळाला मशीन थांबवावं लागायचं. कोपऱ्यात हूक लावत बसलेली मृणालीसुद्धा हसायची. ती हसते म्हणून कमळा पुन्हा सांगायची. नवी बाई आली की जुनी बाई आठवण करून द्यायची, "अगो, ते पाठीचं सांग ना." असं तीन-चार वर्षं चाललं असेल. दहावीच्या गॅदरिंगला मृणालीचा कोळी नाच होता. कमळाने तिला न विचारता चोळीत कापसाच्या दोन वाट्या शिवल्या. मुलीने चोळी घातली, आरशात पाहिलं. नाचून आली. चोळी धुऊन घडी करून ठेवली. कमळाला वाटलं, आवडली.

हे सगळं पुढे आठवायचं होतं. तेव्हा ती साधी गोष्ट होती.

मृणाली आता सत्तावीस वर्षांची होती. पनवेलला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. केळशीच्या तुळसाबाईंचा गौरव तळोज्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. दोघांनी आपसात जमवलं आणि मग घरी सांगितलं. तुळसाबाई वाडीवाल्या, नारळ-सुपारीच्या, कडक. पण मुलीने केळशीला जाऊन पाच माणसांत न लाजता उकडीचे मोदक वळले तेव्हा त्यांनी होकार दिला. लग्न वैशाखात ठरलं.

फाल्गुनात मृणाली शिमग्याला घरी आली. त्याआधी तीन आठवडे तिचा फोन कमी झाला होता. हैदराबादला ट्रेनिंग आहे, असं म्हणाली होती. रिक्षातून उतरली तेव्हा तिची एवढीशी बॅग रिक्षावाल्याने उचलून ओटीवर ठेवली.

"पनवेलला जाऊन राणी झालीस गो?" कमळा म्हणाली. "चार कपड्यांची बॅग, ती पण दुसऱ्याने उचलायची?"

"हात दुखतोय आत्ये. लॅबमध्ये मशीन सरकवलं."

"दोन्ही हात?"

"दोन्ही हातांनी सरकवलं."

जेवण झालं, भांडी झाली. कमळाने ट्रंक उघडली, धोतर सोडलं. कडुलिंबाचा सुकलेला पाला खाली सांडला. रेशीम जसं होतं तसं होतं. तिने टेप गळ्यात टाकला, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "ये. कर पाखरू."

मृणाली पलंगावरून उठली नाही. ओढणी सारखी केली.

"जुन्या मापाने शिव ना आत्ये. माझा निळा ब्लाऊज आहे की तुझ्याकडे."

"लग्नाचा ब्लाऊज जुन्या मापाने? वेडी की काय? ऊठ."

"नको ना. आज नको." मग थोडं थांबून, कापडाकडे बघत, "फक्त छातीत अडीच इंच वाढव."

"अडीच इंच?"

"हां. जरा भरलेय मी."

कमळाने टेप गळ्यातून काढला. अडीच इंच हा आकडा तिच्या कानात अडकला.

मापावरून तिची आणखी एक ख्याती होती. मांडवीत कोणाला दिवस गेलेत हे डॉक्टरच्या आधी कमळाला कळायचं. पोट दिसायला वेळ लागतो. आधी छाती घट्ट होते. बाई यायची आणि म्हणायची, "कमळाताई, हा जरा उसवून द्या." कमळा चष्म्यावरून बघून विचारायची, "कितवा?" शाळेतल्या बाईंची सून ज्ञानेश्वरी तर रागावून निघून गेली होती, "तोंडाला येईल ते बोलता तुम्ही," म्हणून. आठ दिवसांनी पेढे घेऊन परत आली. एकदाही कमळाचा अंदाज चुकला नव्हता. एक इंच म्हणजे दुसरा महिना. अडीच इंच म्हणजे तिसरा भरत आला.

तरी तिने मनाला म्हटलं, बघू.

आणि मग जे बघायचं तेच दिसायला लागलं. मृणाली तीन उशा पाठीशी लावून अर्धी बसून झोपायची. कुशीवर वळायची नाही. जेवणानंतर आतल्या खोलीत जाऊन गोळ्या घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाने सुकट भाजली, तर पोर तोंडाला ओढणी लावून मागच्या दारी गेली आणि ओकली. वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितला तर म्हणाली, "तूच काढ ना." उंच मुलगी, आणि बुटक्या आत्याने स्टुलावर चढून डबा काढला.

तिसऱ्या दिवशी पालखी आली. दर वर्षी ग्रामदेवतेची पालखी आळीत येते, ढोल वाजतात, आणि हल्ली आळीतल्या मुलीही पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. हे सुरू झालं तेव्हा पहिल्या चार मुलींत मृणाली होती. पालखी दोन्ही हातांनी वर उचलायची, डोक्यावर धरायची, गिरकी घ्यायची. गेल्या वर्षी तिचा फोटो आळीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर होता.

या वर्षी ती दारात उभी राहिली, हात बांधून.

"मृणाली, चल गो!" मुलींनी हाका मारल्या. शेजारची शमिका ओढायला आली तशी मृणाली एकदम मागे सरकली, भिंतीला टेकली. "नको, हात लावू नको," असं बोलली, ते जरा जोरातच बोलली. शमिका ओशाळली. कमळाने देवीची ओटी भरली, खण ठेवला, नारळ ठेवला. मान खाली घालून तिने मनात मागितलं, आई, माझी पोर सांभाळ. दिवस गेलेली बाई पालखी उचलत नाही, हे कमळाला कोणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी मृणाली आंघोळीला गेली तेव्हा कमळाने तिची बॅग उघडली. आयुष्यात पहिल्यांदा उघडली. कपड्यांखाली एक फाइल होती. वर इंग्रजीत काहीबाही छापलेलं, आणि एका बाईचं चित्र, नुसत्या रेषेचं, हातात पान धरलेलं. असल्या बाईचं चित्र कमळाने एकाच ठिकाणी पाहिलं होतं, बाळंतिणींच्या दवाखान्याच्या पाटीवर. आत तारीख होती, गेल्या महिन्यातली. बाकीचं तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या सुजयला दाखवलं असतं तर त्याने एका मिनिटात वाचून दिलं असतं. पण असली गोष्ट शेजारच्या पोराला कशी दाखवायची? तिने फाइल होती तशी ठेवली, कपड्यांची घडीसुद्धा तशीच केली.

मुलीला विचारायला हवं होतं. पुढे कमळा हजार वेळा स्वतःशी हे बोलली. त्या खोलीत ती, या खोलीत मी, मधे एक पडदा. "मृणाली, काय झालंय गो?" चार शब्द. पण तिला वाटलं, विचारलं तर पोरीला लाज वाटेल, रडेल. आणि खरं सांगायचं तर तिला विचारायची गरजच वाटली नाही. तिचा अंदाज कधी चुकला होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणाली झोपली होती. कमळा मोबाईल घेऊन जेटीच्या टोकापर्यंत गेली, जिथे कोणी ऐकणार नाही, आणि तिने केळशीला फोन लावला.

"विहीणबाई, मी कमळा बोलतेय."

"बोला कमळाताई. पालखी झाली का तुमच्याकडे?"

"झाली. एक मनातलं बोलायचं होतं. रागावू नका. वैशाखाचं लग्न आपण चैत्रातच उरकूया का?"

"का हो? हॉल ठरलाय. पत्रिका छापायला गेल्यात."

"पोरं एका गावात राहतात. तरणी आहेत. लग्न ठरलेलंच आहे, तेव्हा चूक कोणाची असं मी म्हणत नाही. पण मृणालीला... तिसरा चालू असेल. वैशाखापर्यंत दिसायला लागेल हो. लोक बोलतील, ते तुम्हालाही नको आणि मलाही नको."



"तिने सांगितलं तुम्हाला?" तुळसाबाईंनी विचारलं.

"ती काय सांगतेय. मला कळतं. माझं कामच ते."

"बरं. मी गौरवशी बोलते," तुळसाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कमळा हलक्या पायांनी घरी आली. तिला वाटलं, मोठं काम केलं. आई असती तिची तर तिनेही हेच केलं असतं. येताना तिने सुरमईचे दोन तुकडे घेतले, पोरीला ताकद यावी म्हणून.

उन्हं उतरली तेव्हा दुकानात ज्ञानेश्वरी बसली होती, मुलीच्या परकराला लेस लावून घ्यायला आली होती. आतल्या खोलीत मृणालीचा फोन वाजला. आधी तिचा नेहमीचा आवाज आला, "बोल रे." मग काहीच नाही. मग, "काय? कोण म्हणालं?" मग पुन्हा काही नाही. मग अगदी हळू, "गौरव, तू मला हे विचारतोयस?"

कमळाचा पाय मशीनवर थांबला.

मृणाली पडदा सारून बाहेर आली. रडत नव्हती. तोंड पांढरं पडलं होतं.

"आत्ये, तू केळशीला फोन केलास?"

"मृणाली, आत चल, आपण..."

"केलास का?"

"तुझ्याच भल्यासाठी गो."

"तो मला विचारतोय, कोणाचं आहे." मृणालीचा आवाज चढला नाही, तेवढ्यानेच कमळाला भीती वाटली. "त्याचं नाही, हे त्याला ठाऊक आहे. मग कोणाचं, हे विचारतोय. आई रडतेय म्हणाला."

ज्ञानेश्वरी उठली. "मी नंतर येते, कमळाताई."

"बसा वहिनी," मृणाली म्हणाली. "तुम्ही ऐकाच. उद्या आळीत काय सांगायचं ते नीट सांगता येईल." आणि आत्याकडे वळून, "टेप आण."

"काय?"

"टेप आण आणि घे माप. कर पाखरू म्हण ना. म्हण!"

मृणालीने स्वतःच हात उचलायला सुरुवात केली. उजवा हात खांद्याच्या थोडा वर गेला. डावा तेवढाही गेला नाही. कापत कापत मध्येच थांबला. तिने उजव्या हाताने डाव्या बाहीची कड मागे ओढली. बगलेच्या घडीत, जिथे ब्लाऊजचा मुंढा बसतो बरोबर तिथे, दोन बोटं लांबीची लालसर रेघ होती. नव्या टाक्यांची.

कमळा शिवणकाम करणारी बाई. टाका तिला कोणाच्याही आधी दिसतो.

"पोट नाही माझं, आत्ये. छाती आहे. मोठी करून घेतलीय. पनवेलला नाही, वाशीला, डॉक्टरकडे. बगलेतून सिलिकॉनच्या पिशव्या आत घालतात. दोन्हीकडून. चोवीस दिवस झाले. दीड महिना हात वर करायचे नाहीत, वजन उचलायचं नाही, पाठीवरच झोपायचं. त्या गोळ्या दुखण्याच्या आहेत, रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं."

"पण का गो?" एवढंच कमळा बोलली. "काय कमी होतं तुझ्यात?"

मृणालीने तिच्याकडे बघितलं.

"दोन्हीकडून पाठ," ती म्हणाली.

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली. ती पण हसणाऱ्यांत होती.

"मी ते हसण्यावारी..."

"मला माहितेय तू हसण्यावारी बोलायचीस. मी पण हसायचे. सवय होती. डॉक्टर म्हणाले, छातीखालच्या घडीतून करता येतं, बगलेतून करता येतं, कुठून करूया? मी म्हटलं, बगलेतून. समोर खूण नको. माझी आत्या ब्लाऊज शिवते, म्हटलं, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. लग्नाच्या ब्लाऊजचं माप ती अंगावर घेणार. बगलेत कोण बघतंय?"

बगलेतच तर बघतात. छाती, कंबर कशीही सांभाळता येते. ब्लाऊज बसतो की फसतो ते मुंढ्यात. हे कमळाने तिला दहा वेळा शिकवलं होतं. पोर ते विसरली, की आत्यापासून लपवायच्या घाईत तिला ते सुचलं नाही, कोण जाणे.

"मी तुला सांगणार होते," मृणाली म्हणाली. "लग्नानंतर. किंवा कदाचित नसतं सांगितलं. गौरवलाही माझ्या पद्धतीने, मला जमेल तेव्हा सांगणार होते. माझं होतं ते. आता मला केळशीला फोन करून पोट नाही हे पटवायला छाती सांगायला लागेल. त्याच्या आईला. फाइलचे फोटो पाठवायला लागतील. ते घरात कोण कोण वाचेल, आत्ये?"

तिने आत जाऊन दार लावलं. फोन कधी केला, काय बोलली, कमळाला ऐकू आलं नाही. रेडिओ लावल्यासारखा समुद्राचा आवाज येत होता. सुरमईचे तुकडे मीठ-मसाला लावून तसेच राहिले.

सकाळच्या गाडीने ती गेली. रिक्षावाल्याने बॅग उचलली. कमळाने डबा दिला, तो तिने घेतला. पाया पडायला ती वाकली नाही. वाकू शकत नव्हती की वाकायचं नव्हतं, हे कमळाला विचारता आलं नाही.

"तुला आता पस्तावा होतोय का गो?" रिक्षा सुरू होताना कमळाने विचारलं. तिला वाटलं, पोर हो म्हणेल, मग आपण तिला जवळ घेऊ.

"नाही," मृणाली म्हणाली. "मला बरं वाटतंय. आरशासमोर मी पहिल्यांदा समोरून उभी राहिले. त्याचा नाही पस्तावा." आणि रिक्षा गेली.

वैशाखातलं लग्न झालं नाही. पत्रिका छापून आल्या होत्या, त्या केळशीला कुठेतरी कपाटात राहिल्या. तुळसाबाईंनी एकदा फोन केला. "पोट असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं कमळाताई," त्या म्हणाल्या. "पण हे असलं अंगाला काही करून घ्यायचं म्हणजे... देवाने दिलेलं का पुरत नाही?" कमळाला त्यांना सांगावंसं वाटलं, की ते देवाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं, चार बायकांत, दर आठवड्याला. पण "हो ना," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग दिवसभर तिला त्या "हो ना"चा राग येत राहिला. तिथेही ती पोरीच्या बाजूने उभी राहिली नव्हती.

गौरव पनवेलला मृणालीच्या दारात जाऊन बसायचा, असं शमिकाकडून कळलं. शमिका तिच्याशी फोनवर बोलायची. माफी मागतो म्हणे. मृणाली त्याला चहा देते आणि सांगते, की बघू. कमळाला फोन यायचा पंधरा दिवसांनी. तब्येत कशी, पाऊस कसा, गोळ्या घेतेस ना. पाच मिनिटांत संपायचा. कमळा दोनदा म्हणाली, "मृणाली, चुकलं माझं." दोन्ही वेळा मृणाली म्हणाली, "असू दे आत्ये," आणि ते असू दे कुठल्या प्रकारचं होतं, हे कमळाला फोनवर कळलं नाही. डोळ्यांनी बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं.

दुकान चालू होतं. पण कोणी म्हणालं की हा जरा छातीत उसवा, तर कमळा चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि उसवून द्यायची. चष्म्यावरून बघायची नाही. एका बाईला खरोखरच दिवस गेले होते, ती मुद्दाम थांबली, कमळा विचारेल म्हणून. कमळाने विचारलं नाही. बाई जरा हिरमुसून गेली.

श्रावणात एक आई पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. शाळेत मंगळागौरीचे खेळ होते, नऊवारीवर ब्लाऊज हवा होता. मुलगी काटकुळी, खांदे पुढे घेऊन उभी. आई म्हणाली, "कमळाताई, आत काहीतरी घाला हो. अगदीच फळी दिसते." आणि हसली. कमळाने हातातलं काम खाली ठेवलं.

"तुझं नाव काय गो?"

"सानवी."

"सानवी, तुला हव्यात का वाट्या? तुला नको असतील तर मी घालत नाही. आई काही म्हणू दे."

मुलीने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. "घाला," ती म्हणाली.

कमळाला वाटलं होतं ती नको म्हणेल. तिने वाट्या घातल्या. कापूस नीट पिंजून, दोन्ही सारख्या.

गणपती झाल्यावर एक दिवस कुरिअरवाला पाकीट देऊन गेला. पनवेलचा पत्ता. कमळाने ते दुकानात उघडलं नाही, आत नेलं. आत एक ब्लाऊज होता, साधा, गव्हाळ रंगाचा, कोणा दुसरीने शिवलेला. त्याला टाचणीने चिठ्ठी लावली होती. मृणालीचं अक्षर मोठं, एक-एक सुटं, आत्याला वाचता यावं म्हणून तिने लहानपणापासून तसंच काढलं होतं.

"मृणाली, पनवेल. लग्न मार्गशीर्षात, इथेच, रजिस्टर. गौरवशीच. कापड बाबांचं, तुझ्याकडचं. हूक मागे. बगल अर्धा इंच सैल. मापाचा ब्लाऊज सोबत."

कमळाने चिठ्ठी दोनदा वाचली. कापड बाबांचं, हे तिने बोटाने पुन्हा चाचपलं. म्हणजे शिवायचं तिनेच होतं. पण पाखरू करायला पोर येणार नव्हती. इतर सगळ्या बायकांसारखं तिने मापाचं पाठवलं होतं.

तिने चष्मा लावला आणि ब्लाऊज उलटा केला. शिवण कशी आहे ते बघायची सवयच होती. काम बेताचं होतं, हूकांची काजं तिरकी होती. पण मुंढा तिने पाहिला आणि तिथेच थांबली. त्या पनवेलच्या बाईने बगलेत वेगळं मऊ कापड लावलं होतं. शिवण व्रणावर येऊ नये म्हणून बोटभर खाली घेतली होती. हे माप घेताना नुसतं बघून कोणाला कळत नाही. हे विचारावं लागतं. कुठे दुखतं, किती वर जातो हात, इथे टोचेल का. त्या अनोळखी बाईने विचारलं होतं, आणि मृणालीने तिला सांगितलं होतं.

कमळाने ट्रंक उघडली. धोतर सोडलं. रेशीम टेबलावर पसरलं आणि त्यावर तो गव्हाळ ब्लाऊज ठेवला. टेप खुंटीवरच राहू दिला. खडूने कडेकडेने आखत ती बगलेपाशी आली, तिथे त्या बाईची शिवण होती तिथूनच, बोटभर खाली, तिने आपली रेघ वळवली, आणि कात्री हातात घेतली. मग ती खाली ठेवून खिडकी उघडली, नीट दिसावं म्हणून, आणि पुन्हा उचलली.